कागदावर जुळ्या, ट्रॅकवर वेगळ्या: टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडी निवडताना

यामाहा वायझेड २५० च्या सिलिंडरचा व्यास ६६.४ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास, ७२ मिलिमीटर. केटीएम २५० एसएक्सचेही आकडे नेमके तेच. १२५ सीसीच्या जोडीतही तीच गत, दोन्हीकडे ५४ बाय ५४.५. पुढचं चाक २१ इंची, मागचं १९ इंची, वजन शंभर किलोच्या आगेमागे. माहितीपत्रकं शेजारी शेजारी ठेवली तर गाडी एकच आणि रंग तेवढे दोन असं वाटावं. प्रत्यक्षात एकीवरून उतरून दुसरीवर बसलं की पहिल्या वळणातच अंगाला कळतं, यांचा स्वभाव पार वेगळा आहे. तो वेगळेपणा नेमका कशात आहे आणि पुढची काही वर्षं गाडी सांभाळताना तो खिशाला कुठे कुठे लागणार, हे पैसे मोजण्याआधी मला जाणून घ्यायचं होतं. मित्रांच्या गाड्या, भाड्याच्या गाड्या, डेमोच्या गाड्या, जिथे जी मिळाली तिथे ती चालवली, आणि जिथे मालकाने परवानगी दिली तिथे उघडूनही पाहिली.

टू-स्ट्रोकच घ्यायची हे आधीच पक्कं होतं. फोर-स्ट्रोकवर मी बरीच वर्षं काढली आहेत. त्या गाड्या वेगवान आहेत, यात वादच नाही. पण स्वतःच्या हाताने सिलिंडर उचलून दुपारभरात नवा पिस्टन बसवण्यात जो आनंद आहे, तो व्हॉल्व्हच्या शिम (पातळ चकत्या) मोजण्यात मला कधी मिळाला नाही. आणि हलक्या, चपळ गाडीवर रायडर म्हणून आपण कुठे कच्चे आहोत ते लगेच दिसतं. मला तेच हवं होतं.

निवडीचं मैदान तसं छोटं आहे. १९९८ मध्ये यामाहाने वायझेड ४०० एफ आणली आणि पुढच्या दहा वर्षांत मोटोक्रॉसचं चित्र पालटलं. होंडाची सीआर मालिका २००७ च्या मॉडेलवर थांबली, सुझुकी आणि कावासाकीच्या मोठ्या टू-स्ट्रोकही त्याच सुमाराला गेल्या. जपानी कंपन्यांपैकी यामाहाने तेवढी १२५ आणि २५० सलग चालू ठेवली. युरोपात केटीएमने नेटाने काम सुरू ठेवलं. हुस्कवर्ना आणि गॅसगॅस याच समूहातल्या, त्यामुळे इंजिन आणि फ्रेमचा मूळ सांगाडा बराचसा सामाईक. सीटची उंची, सबफ्रेम, सस्पेन्शनचं सेटिंग, क्लॅम्प अशा गोष्टींत फरक असतो आणि तो चालवताना जाणवतोही, पण खर्चाच्या हिशोबात त्यांना मी एकाच रांगेत धरतो. टीएम, बेटा, फँटिक यांच्याही चांगल्या गाड्या आहेत. त्या माझ्या हाती पुरेशा वेळ आल्या नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल मत देत नाही.

गाड्या चालवायला लागण्याआधी एका जुन्याजाणत्या सस्पेन्शन मेकॅनिकशी बोललो. कोणत्या गाडीचा फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचं सस्पेन्शन, चांगला, असं मी विचारलं. ते म्हणाले, "फोर्कचं नंतर बघू. आधी सांगा, सॅग किती ठेवलाय? तो न बघता गाडी चांगली-वाईट ठरवू नका." हा सल्ला मी अक्षरशः पाळला, आणि पुढे जे काही कळलं ते त्यामुळेच कळलं.

सॅग म्हणजे वजनाखाली सस्पेन्शन किती खाली बसतं ते. तो मोजणं सोपं आहे, पण घाईत करायचं काम नाही. गाडी स्टँडवर चढवायची, मागचं चाक लोंबकळलं पाहिजे. मागच्या अॅक्सलच्या मध्यापासून सरळ वर फेंडरवर एक खूण करायची आणि अंतर मिलिमीटरमध्ये लिहून घ्यायचं. मग गाडी जमिनीवर घ्यायची, मागून दोन-तीनदा दाबायची, स्वतःच्या वजनाने किती बसते ते मोजायचं. हा स्टॅटिक सॅग. शेवटी हेल्मेट, बूट, छातीचं कवच, गुडघ्याचे ब्रेस असा सगळा सरंजाम घालून फूटपेगवर तोल सांभाळत उभं राहायचं, हलके दोन झोके घ्यायचे, नेहमीच्या जागी येऊन स्थिर व्हायचं आणि दुसऱ्याने मोजायचं. हा रायडर सॅग. सरंजामाचंच वजन सात-आठ किलो सहज भरतं, म्हणून घरच्या कपड्यांत घेतलेल्या मापाचा काही उपयोग नाही.

मोठ्या मोटोक्रॉस गाड्यांसाठी रायडर सॅग साधारण १०० ते १०५ मिलिमीटर आणि स्टॅटिक सॅग ३० ते ४० मिलिमीटर या पट्ट्यात ठेवतात. खरी गंमत या दोन आकड्यांच्या नात्यात आहे. मागच्या शॉक अॅब्सॉर्बरची रिंग आवळून रायडर सॅग १०५ वर आणला, पण स्टॅटिक सॅग वीसवरच अडकला, तर त्या स्प्रिंगसाठी तुम्ही जड आहात. स्प्रिंग मऊ आहे, तिला जबरदस्तीने दाबून ठेवलंय. उलट स्टॅटिक सॅग पंचेचाळीस-पन्नासवर गेला तर स्प्रिंग तुमच्या मानाने कडक. हे दोन आकडे बघितले की स्प्रिंग बदलावी लागणार की नाही ते दहा मिनिटांत कळतं, तेही गाडी एक फूट न चालवता. मी प्रत्येक गाडीवर आधी हे केलं. टायरचा दाब सगळीकडे साडेबारा-तेरा पीएसआय ठेवला. त्यानंतरच ट्रॅकवर गेलो.

बऱ्याच लोकांची मतं इथेच फसतात असं मला वाटतं. नव्वद किलोचा माणूस सत्तर किलोवाल्याच्या सेटिंगवर बसतो, गाडीचं मागचं टोक खाली, पुढचं वर, मग पुढचं चाक वळणात सुटतं, आणि नाव पडतं फ्रेमचं. माझं वजन सरंजामासकट ऐंशीच्या वर जातं. यामाहाची मागची स्प्रिंग मला कशीबशी पुरत होती, पुढच्या फोर्कला मात्र एक पायरी कडक स्प्रिंग हवी हे दिसतच होतं. केटीएमवर पुढे स्प्रिंगच नाही, हवा आहे. पंप लावला, दाब वाढवला, काम झालं.

आता फोर्क. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण खरा फरक इथेच आहे.

यामाहावर ४८ मिलिमीटरचा केवायबी कंपनीचा स्प्रिंग फोर्क असतो. स्पीड सेन्सिटिव्ह सिस्टीम असं त्याचं नाव, सगळे एसएसएस म्हणतात. २००६ पासून हीच मूळ रचना सुधारत सुधारत चालू आहे. केटीएमवर डब्ल्यूपी कंपनीचा ४८ मिलिमीटरचा एक्सअॅक्ट एअर फोर्क. त्याच्या डाव्या पायात हवा, उजव्या पायात डॅम्पिंग, म्हणजे दबण्या-सुटण्याचा वेग आवरणारी यंत्रणा. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह चेंबरमधला समतोल फोर्क हलला की आपोआप साधला जातो, त्यामुळे एकाच व्हॉल्व्हमधून एकच दाब भरायचा. लोखंडी स्प्रिंग नसल्याने वजनात दीड किलोच्या आसपास बचत होते, आणि ही बचत गाडीच्या पुढच्या टोकाला होते. हँडल फिरवताना ती लगेच जाणवते.

माझी परीक्षा घ्यायची जागा ठरलेली होती. एका लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी डावं वळण, आणि वळणाआधी ब्रेक मारून मारून तयार झालेले खड्डे. सकाळी तिथे काही नसतं. दुपारपर्यंत गुडघ्याएवढ्या लाटा उठतात. टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग जवळजवळ नसतं. थ्रॉटल सोडला तरी गाडी पुढे वाहत राहते, म्हणून सगळा वेग ब्रेकनेच मारावा लागतो आणि पुढच्या फोर्कवर भार फोर-स्ट्रोकपेक्षा वेगळ्या तऱ्हेने येतो. फोर-स्ट्रोक इंजिन मागून गाडीला धरून ठेवतं, मागचं चाक खड्ड्यांत दबून राहतं. टू-स्ट्रोकचं मागचं टोक मोकळं असतं, उड्या मारतं, आणि त्या वेळी पुढचा फोर्क सरळ, शांतपणे खाली-वर होत राहिला पाहिजे. फोर्क मधेच ताठ झाला तर तो धक्का मनगटात येतो, फोर्क घसरत खाली गेला तर गाडी नाकावर उभी राहायला बघते.

सकाळी, मोकळ्या ट्रॅकवर, केटीएम मला अधिक आवडली. पुढचं टोक हलकं, वळणात आत वळायला तयार, रेषा बदलायची म्हटली की बदलते. दुपारी, खड्डे वाढल्यावर, यामाहा वरचढ ठरली. केवायबी फोर्कचं स्ट्रोकच्या सुरुवातीचं वागणं फार मुलायम आहे. लहान लहान खड्डे तो अंगापर्यंत येऊच देत नाही, आणि मोठ्या उडीनंतर सपाटीवर आदळल्यावरही तळ लागल्याचा खणका येत नाही. एअर फोर्कवर त्याच खड्ड्यांत हातांना जास्त काम पडलं. दाब अर्धा-पाऊण बार इकडेतिकडे केला, कॉम्प्रेशनचे (दबतानाच्या डॅम्पिंगचे) दोन क्लिक मोकळे केले, तेव्हा तो बराच जवळ आला. पण जवळच आला, तिथे पोचला नाही. हे माझ्या हातांचं मत आहे. माझ्यापेक्षा वेगवान आणि हलक्या रायडरला तोच ताठपणा आधारासारखा वाटतो, असंही मी पाहिलं आहे.

एअर फोर्कची एक शिस्त आहे. दाब नेहमी गाडी थंड असताना, सावलीत तपासायचा. चालवल्यावर हवा तापते आणि दाब चढतो, तेव्हा मोजून कमी केला तर दुसऱ्या दिवशी गाडी मऊ लागते. चांगला, बारीक आकडे दाखवणारा पंप लागतो आणि तो प्रत्येक वेळी सोबत न्यावा लागतो. दुसऱ्या बाजूने बघितलं तर वजन वाढलं, कमी झालं, गाडी भावाला दिली, वाळूच्या ट्रॅकवर गेलो, तर खर्च शून्य. स्प्रिंगच्या फोर्कला हेच करायला स्प्रिंगची जोडी विकत घ्यावी लागते आणि फोर्क उघडावा लागतो. एका गाडीवर घरातले दोघं-तिघं चालवणार असतील तर मी डोळे झाकून हवेचा फोर्क सुचवेन.

मागच्या शॉकबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दोन्हीकडे लिंकेज आहे, दोन्ही चांगले आहेत. सॅग नीट असेल आणि रिबाउंड (दबल्यावर परत वर येणं) फार मोकळा नसेल तर तक्रारीला जागा नाही.

फ्रेमचा भाग जास्त रंजक आहे. यामाहाची फ्रेम २००५ पासून अॅल्युमिनियमची, केटीएमची क्रोम-मॉलिब्डेनम स्टीलची. ताठ फ्रेम म्हणजे चांगली फ्रेम हा समज होंडाने १९९७ च्या सीआर २५० आरवर पहिली अॅल्युमिनियमची फ्रेम आणली तेव्हाच मोडला. ती इतकी ताठ होती की चालवणाऱ्यांचे हात दुखून यायचे. फ्रेमने ठरावीक जागी, ठरावीक दिशेने थोडं वाकणं ही गरज आहे, आणि त्यानंतरची सगळी मेहनत ते वाकणं नेमकं किती आणि कुठे असावं यावर झाली. आज दोन्ही पदार्थांच्या फ्रेम उत्तम बनतात. अॅल्युमिनियम की स्टील यावरून गाडी निवडू नये असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

वळणात मात्र दोघींच्या चाली निराळ्या. केटीएम पायाखाली सडपातळ लागते, गुडघ्यांमध्ये पकडायला सोपी, आणि खोल चाकोरीत शिरताना ती वाट शोधते. यामाहाला वळणाआधी थोडं जास्त ठरवून झुकवावं लागतं, पण एकदा झुकली की बर्मच्या (वळणाच्या बाहेरच्या मातीच्या बांधाच्या) शेवटापर्यंत त्याच रेषेवर राहते. सरळ रेषेत, व्हूप्समध्ये (लागोपाठच्या उंचवट्यांत), वेगात, ती अधिक शांत. फोर्क त्याला धरणाऱ्या क्लॅम्पमध्ये दोन-तीन मिलिमीटर वर सरकवला तर यामाहाचं वळणं लक्षात येण्याइतकं चपळ होतं. एवढ्याशा बदलाने गाडी इतकी बदलते हे हाताने करून बघितल्याशिवाय पटत नाही.

इंजिनाचा हाताळणीशी थेट संबंध आहे, म्हणून त्याचंही सांगतो. २०२३ पासून केटीएमच्या १२५, २५० आणि ३०० या तिन्ही एसएक्स गाड्यांना फ्युएल इंजेक्शन आणि इलेक्ट्रिक स्टार्ट आलं, पॉवर व्हॉल्व्हही (इंजिनाच्या फेऱ्यांप्रमाणे एक्झॉस्टचं तोंड लहान-मोठं करणारी झडप) इलेक्ट्रॉनिक झाला. यामाहा कार्ब्युरेटरवर आणि किकवर ठाम आहे, तिचा पॉवर व्हॉल्व्ह यांत्रिक. केटीएमच्या २५० आणि ३०० च्या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट असल्याने हँडलला थरथर कमी येते, लांब चालवलं की बोटं बधिर होत नाहीत. यामाहाचा जोर मधल्या फेऱ्यांवर गच्च, भरीव येतो. वळणातून बाहेर पडताना क्लचला बोट लावायची गरजही कमी पडते. इंजेक्शनवाली जास्त गुळगुळीत, एकसारखी. उंचावर गेलो, थंडी पडली, तरी तिला काही सांगावं लागत नाही, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, मिश्रण जुळवून घेतो.

कार्ब्युरेटरवाल्या गाडीला सांगावं लागतं. थंड हवा दाट असते, तेव्हा पेट्रोल जास्त हवं, मोठा मेन जेट (पेट्रोल सोडणाऱ्या भोकाचा भाग). उंचावर हवा विरळ, लहान जेट. आणखी एक गोष्ट नवख्यांना उलटी वाटते. मिश्रणात ऑइल वाढवलं तर त्याच जेटमधून पेट्रोल तेवढं कमी जातं, म्हणजे इंजिन लीन होतं, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. म्हणून ऑइलचं प्रमाण एकदा ठरवायचं आणि मग त्यालाच जेट जुळवायचे. यामाहा ३० ला १ सांगते, म्हणजे लिटरला ३३ मिलिलिटर. केटीएम ४० ला १, लिटरला २५. केटीएमच्या एसएक्सलाही इंजेक्शन असूनही ऑइल टाकीतच मिसळावं लागतं, हे विकत घेण्याआधी माहीत असावं.

१२५ चा मोह मला फार झाला. वायझेड १२५ पेट्रोल-ऑइलसकट ९५ किलोची आहे आणि आत फिरणाऱ्या भागांचं वजन कमी असल्यामुळे ती त्याहूनही हलकी लागते. हवेत असताना नुसत्या कंबरेच्या हालचालीने वळते. २०२२ मध्ये तिचं इंजिन नव्याने बांधलं गेलं, तेव्हापासून खालच्या फेऱ्यांवरही थोडा दम आला आहे. १२५ वर वेग टिकवावाच लागतो. वळणात ब्रेक जास्त लागला की गाडी मरते, मग क्लच, गिअर, पुन्हा क्लच. यासारखी दुसरी शाळा नाही. युरोपात ईएमएक्स १२५ हा मोटोक्रॉस शर्यतींचा स्वतंत्र गट तरुणांसाठी आजही आहे, तो उगीच नाही. पण माझ्या वजनाला चढाच्या उड्यांवर ती कमी पडत होती, आणि १२५ सतत वरच्या फेऱ्यांवर चालवावी लागत असल्याने पिस्टनचा खर्च लवकर लवकर येतो. मुलांसाठी, हलक्या रायडरसाठी माझं पहिलं नाव तिचंच.

खर्चाकडे येतो. टू-स्ट्रोक स्वस्त पडते हे सगळेच म्हणतात, आणि ते खरं आहे, पण कोणत्या भागात स्वस्त ते बघायला हवं.

हिशोब किलोमीटरमध्ये करायचाच नाही, इंजिन चाललेल्या तासांत करायचा. अवर मीटर नसेल तर पहिली खरेदी तीच. १२५ ला हौशी चालवण्यात मी वीस-पंचवीस तासांवर पिस्टन बदलावा असं मानतो, २५० ला पस्तीस-चाळीस. सतत शर्यती करणाऱ्याने याहून लवकर. पिस्टन, रिंग, गजन पिन, लहान बेअरिंग, सर्कलिप, गास्केट, इतकाच पसारा. खास अवजारं फारशी लागत नाहीत. फोर-स्ट्रोकच्या इंजिनात व्हॉल्व्ह, कॅम चेन, सीट असं सगळं एकदम निघालं की येणारं बिल आणि हे बिल यांची तुलनाच होत नाही.

एका मित्राची २५० सोबत उघडली तेव्हाचं सांगतो, कारण जुनी गाडी घेणाऱ्याला याचा उपयोग होईल. नवी रिंग आधी नुसतीच सिलिंडरमध्ये सरकवायची, पिस्टनच्या डोक्याने खाली ढकलून सरळ करायची आणि टोकांमधल्या फटीत फीलर गेज घालायचं. पात घासत, पण न अडकता जायला हवी. माप मॅन्युअलमधल्या मर्यादेत बसलं तर सिलिंडर ठीक. मग बोटाचं टोक एक्झॉस्ट पोर्टच्या कडेवरून फिरवायचं. सिलिंडरला आतून निकल आणि सिलिकॉन कार्बाइडचा अतिशय कडक, पातळ थर असतो. तो कुठे उडाला असेल तर कडेवर बारीक खरखर लागते. असा सिलिंडर बोअर करून मोठा पिस्टन घालता येत नाही, पुन्हा प्लेटिंग करावं लागतं किंवा नवा घ्यावा लागतो. हाच तो खर्च जो पिस्टन वेळेवर बदलून टाळता येतो. मित्राच्या गाडीची कड गुळगुळीत निघाली. मग कनेक्टिंग रॉड धरून सरळ वर-खाली ओढला. बाजूला थोडं हलणं चालतं, वर-खाली मुळीच नको. तिथे टक् असा आवाज आला असता तर क्रँक काढावा लागला असता, आणि त्यासाठी इंजिन अख्खं फोडावं लागतं.

क्रँकचे सीलही तितकेच महत्त्वाचे. मॅग्नेटोच्या बाजूचं सील गळलं तर इंजिन बाहेरची हवा ओढतं, मिश्रण लीन होतं, फेऱ्या उगाच चढून राहतात आणि पिस्टन धोक्यात येतो. क्लचच्या बाजूचं गळलं तर गिअर ऑइल ओढलं जातं, पांढरा धूर थांबतच नाही आणि गिअरबॉक्समधलं ऑइल कमी होत जातं. जुनी गाडी बघायला गेलो की मी ती थंड असताना सुरू करायला सांगायचो. आधीच गरम करून ठेवलेली दिसली की माझा उत्साह निम्मा व्हायचा.

नव्या दोघींची तुलना करताना मी खर्चाची यादी काढली तेव्हा एक गोष्ट ठळक झाली: पिस्टनपेक्षा टायर, चेन-स्प्रॉकेट, क्लच प्लेट आणि सस्पेन्शनची सर्व्हिस यांवरच वर्षाचे जास्त पैसे जातात. गिअर ऑइल पाऊण लिटरच्या आसपास लागतं, त्यामुळे ते वारंवार बदलायला जड जात नाही. फोर्क आणि शॉकचं ऑइल मात्र लोक विसरतात. ते काळं पडलं, पातळ झालं की आपण क्लिकर फिरवत बसतो आणि दोष सेटिंगला देतो. तीस तासांच्या आत निदान फोर्कचं ऑइल बदलावं. स्विंगआर्म आणि लिंकेजची बेअरिंग नवी गाडी घरी आल्यावर लगेच उघडून ग्रीस करावीत, कारखान्यातून येताना ग्रीस मोजकंच असतं.

भागांच्या उपलब्धतेत यामाहा पुढे आहे. तिचं मूळ डिझाइन वर्षानुवर्षं टिकल्यामुळे जुन्या-नव्या मॉडेलचे कित्येक भाग एकमेकांना चालतात, इतर उत्पादकांचे भागही भरपूर, आणि केवायबीचा तो फोर्क कुठल्याही सस्पेन्शनवाल्याच्या हातातला आहे. क्लच केबलवर चालतो. चाकोरीत तापल्यावर त्याचा ताण बोटाने जुळवावा लागतो, पण केबल तुटली तर जेवायच्या सुट्टीत बदलून होते. केटीएमचा हायड्रॉलिक क्लच बोटाला फार सुखाचा, तापला तरी त्याची जागा बदलत नाही. त्याच्याकडे वर्षभर बघावं लागत नाही, पण बघायची वेळ आली तर सील आणि फ्लुइड आलं. बॅटरी, सेन्सर, इंजेक्टर यांचंही तसंच. ते सहसा त्रास देत नाहीत, पण बिघाड शोधायला निदानाचं उपकरण असलेला माणूस लागतो. असा माणूस जवळ असेल तर केटीएमच्या बाजूचं पारडं बरंच जड होतं, कारण पडल्यावर खोल चाकोरीत बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीची किंमत किक मारून दमलेल्यालाच कळते.

मी वायझेड २५० घेतली. दुपारच्या त्या खड्ड्यांत माझे हात तिच्यावर शेवटपर्यंत शाबूत राहिले, आणि तिच्यातलं एकही काम असं नाही जे मला स्वतः करता येणार नाही, ही दोन कारणं पुरेशी होती. वळणातली चपळाई मला केटीएमची जास्त आवडते आणि आजही कुणी चालवायला दिली तर मी नाही म्हणत नाही. चाळिशीनंतर पुन्हा सुरू करणाऱ्याला, घरात दोघं चालवणारे असतील त्याला, किंवा जेटचा डबा सांभाळायची हौस नसलेल्याला मी तीच घ्यायला सांगतो.

गाडी आल्यावर पहिल्यांदा फोर्कच्या स्प्रिंग एक पायरी कडक घेतल्या, सॅग १०३ वर ठेवला, स्टॅटिक ३६ आला. फोर्क क्लॅम्पमध्ये तीन मिलिमीटर वर सरकवला. जेएएसओ या जपानी मानकाच्या एफडी दर्जाचं ऑइल ३० ला १ ठेवलं आणि पायलट जेट (थ्रॉटल कमी असताना पेट्रोल देणारा) एक नंबर लहान बसवला, तेव्हा थ्रॉटल उघडताना खाली होणारी घुसमट गेली. सध्या मागच्या शॉकच्या हाय-स्पीड कॉम्प्रेशनवर (जोराच्या धक्क्यांच्या डॅम्पिंगवर) काम चालू आहे. पाव फेरा मोकळा केला की व्हूप्समध्ये मागचं चाक छान खाली राहतं, पण मोठ्या उडीनंतर गाडी जरा जास्त बसते. अष्टमांश फेऱ्यावर थांबून बघणार आहे.